गाडीच्या पोटातली हवा

शाळेच्या मागच्या फाटकाशी, चिंचेच्या झाडाखाली जी पांढरी मारुती 800 उभी असते ती आम्हा तिघांची आहे, हे विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. विज्ञानाचे सर, गणिताचे सर आणि मराठीच्या बाई अशा तिघांनी मिळून ती 2012 साली सेकंडहँड घेतली. एकाच्या पगारात गाडी बसत नव्हती, तिघांच्या पगारात कशीबशी बसली. ही गाडी कंपनीने 2014 साली बनवणे बंद केले, तरी आमचा तिच्यावरचा जीव काही कमी झाला नाही. स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणणे, गणपतीची आरास वाहून नेणे, परीक्षेचे गठ्ठे पोहोचवणे ही सगळी कामे तिने केली आहेत. पालकांपैकी अनेकांनी तिला धक्काही मारलेला आहे, त्याबद्दल आभार.

आज मात्र तिचे कौतुक सांगायला हा लेख लिहिलेला नाही. गेल्या फेब्रुवारीत आमच्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीचा दोष आम्ही दुसऱ्याच माणसाच्या माथी मारला. हे शाळेत पुष्कळांच्या कानावर गेले होते. जे चुकीचे म्हणून चारचौघांत बोललो ते चारचौघांतच दुरुस्त करावे, म्हणून संपादक मंडळाकडे ही जागा मागून घेतली.

झाले ते असे. जानेवारीपासून गाडीखाली हिरवट डाग दिसू लागले होते. रेडिएटरच्या जोडापाशी पांढरी पापडी धरली होती. वर्षानुवर्षे आम्ही त्यात शाळेच्या बोअरिंगचे पाणी ओतत होतो. बोअरिंगचे पाणी जड, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसत जातात, चहाच्या पातेल्याला आतून थर धरतो तसे. विज्ञानाचे सर सातवीच्या वर्गात जड पाणी आणि मृदू पाणी शिकवतात, आणि स्वतःच्या गाडीत नळाला लावलेली बादली रिकामी करतात, यावर मराठीच्या बाईंनी तेव्हाही टीका केली होती.

आमचे जे मिस्त्री आहेत, ज्यांना आम्ही उस्ताद म्हणतो, त्यांनी पाहिले आणि सांगितले की आता झाळण्यात अर्थ नाही, नवा रेडिएटर टाका. शाळेची व्हॅनही तेव्हा त्यांच्याकडेच जात असे. एका शनिवारी दुपारी त्यांनी काम हाती घेतले. थंड इंजिनखाली घमेले ठेवून जुने पाणी काढले, दोन्ही होज पाइप सोडवले, जुना रेडिएटर उतरवला, नवा चढवला. पाइपांचे क्लिप आवळेपर्यंत अंधार पडला. त्यांच्या घरी त्या रात्री लग्न होते. ते म्हणाले, "सर, आता फक्त भरायचं आणि हवा काढायची राहिली. पण हवा काढायला तासभर शांतपणे बसावं लागतं. गाडी इथेच राहू द्या, उद्या सकाळी करून देतो."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. पाणी भरण्यासाठी गाडी रात्रभर सोडायची? आम्ही तिघे पदवीधर, त्यातले दोघे पदव्युत्तर. "उस्ताद, तुम्ही लग्नाला जा, भरायचं आमचं आम्ही बघतो," असे म्हणून त्यांना मोठ्या मनाने निरोप दिला. जाताना त्यांनी दोनदा सांगितले की साडेतीन लिटरच्या आसपास जाईल, आणि हवा काढल्याशिवाय लांब नेऊ नका. आम्ही मान डोलावली.

या वेळी बोअरिंगचे पाणी नाही, हे ठरले होते. दोन लिटर कूलंट आणि दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर असे चार लिटर मिश्रण एका स्वच्छ डब्यात केले. कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल आणि त्यात गंज रोखणारी द्रव्ये. थंड देशांत ते पाणी गोठू नये म्हणून घालतात. इंदूरला गोठण्याची भीती नाही, पण गंज आणि उकळणे या दोन्हींपासून ते राखते. नुसते कूलंट ओतले तर उलटेच होते, कारण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, म्हणून निम्मे पाणी हवेच. विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो: हा द्रव चवीला गोड असतो आणि विषारी असतो. कुत्री-मांजरे चाटून मरतात. सांडलेले कूलंट तसेच सोडू नये, आणि उरलेले कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये.

नरसाळे लावून आम्ही रेडिएटरच्या तोंडातून ओतत गेलो. सव्वादोन लिटर गेले आणि तोंडाशी आले. आणखी ओतले तर बाहेर. झाकण लावले, बाजूच्या रिझर्व बाटलीत खुणेपर्यंत भरले होतेच, झाले काम. डब्यात पावणेदोन लिटर उरले. गणिताचे सर म्हणाले, "उस्तादांचा अंदाज जरा जास्तच होता. बरं झालं, वाचलं." साडेतीनातून सव्वादोन वजा केले की सव्वा लिटर उरते आणि तेवढ्या जागेत दुसरे काहीतरी बसलेले असणार, हे गणित त्या क्षणी आमच्यापैकी कोणीही केले नाही. गाडी एक किलोमीटर चालवून घरी नेली. काटा जागचा हलला नाही. आम्ही खूश.

सोमवारी दहावीचा गणिताचा पेपर होता. आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचा पाय आठ दिवसांपूर्वी जिन्यावरून पडून मोडला होता, मांडीपर्यंत प्लास्टर. घरची परिस्थिती बेताची, वडील बाहेरगावी. परीक्षा केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिला आम्ही आमच्या गाडीने नेऊ असा शब्द तिच्या आईला दिला होता. सकाळी लोकमान्य नगरातून तिला उचलले, मागच्या सीटवर आडवे बसवले. थंडी होती. पोर कुडकुडत होती, थोडी थंडीने, थोडी पेपराच्या धास्तीने. बाईंनी हीटर लावला.

हीटरमधून गार हवा आली. बाई म्हणाल्या, "गाडी तापली नसेल अजून." पाच मिनिटांनी पुन्हा लावला, पुन्हा गारच. पण तोवर तापमानाचा काटा मधली खूण ओलांडून वर निघाला होता. इंजिन तापलेले आणि हीटर थंड, ही गोष्ट एकाच वेळी घडते तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, हे आता आम्हाला कळते. हीटर हाही एक छोटा रेडिएटरच असतो, त्यातून इंजिनचे गरम पाणीच फिरते. तिथे पाण्याऐवजी हवा अडकली असेल तर गरम काय होणार? पण तेव्हा आम्ही हीटर बिघडला असे समजून बंद केला.

महूनाक्याच्या अलीकडे काटा एकाएकी खाली आला. आम्हाला हायसे वाटले. तेही चुकीचेच. काटा ज्या सेन्सरवर चालतो तो पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. त्याच्याभोवती हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा आला की तो भलतेच दाखवतो. क्षणात काटा पुन्हा उसळून थेट लाल रेघेवर गेला, आणि बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. गाडी कडेला घेऊन बंद केली. खाली हिरवे पाणी टपकत होते.

पुढचे दोन मिनिट आठवले की अजून अंगावर काटा येतो. घाईत गणिताच्या सरांनी बॉनेट उघडले, हातरुमाल ओला केला आणि झाकण फिरवायला हात घातला. पाणी कमी झाले आहे, ओतले की निघू, एवढाच विचार. कडेला पोहे-जलेबीचा ठेला होता. ठेलेवाला झारा टाकून धावत आला आणि त्याने सरांचे मनगटच धरले. "सर, हाथ मत लगाना! कुकर है ये, कुकर!"

त्याने जे सांगितले ते शब्दशः खरे आहे. रेडिएटरचे झाकण साधे नसते. त्यात स्प्रिंग असते आणि ती आत साधारण 0.9 किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब धरून ठेवते. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे उघड्या भांड्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते. पण या दाबाखाली ते 117-118 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि शंभर अंशांच्या वर तापलेले पाणी एका क्षणात उकळून कारंज्यासारखे तोंडावर येते. शिट्टी न काढता कुकर उघडणाऱ्या गृहिणीचे काय होते, ते घरोघरी माहीत आहे. सरांचे दोन्ही हात आणि कदाचित डोळेही त्या ठेलेवाल्याने वाचवले. नंतर आम्ही त्याच्याकडे मुद्दाम गेलो, तर त्याने पैसे न घेता पोहेच खाऊ घातले.

विद्यार्थिनीला तोवर रिक्षात बसवून बाई तिच्याबरोबर गेल्या. केंद्राचे फाटक बंद होण्याच्या बेतात होते. दोन शिपायांनी खुर्चीसकट उचलून तिला वर्गात नेले. पेपर तिला देता आला. पण नंतर तिने सांगितले की पहिली पंधरा मिनिटे हात थरथरत होता, आणि येणारे एक उदाहरण खोडावे लागले.

आता आमची खरी चूक. गाडी टोचन करून शाळेत आणली आणि शिक्षकांच्या खोलीत आम्ही रागाच्या भरात बोललो. नवा म्हणून फुटका रेडिएटर बसवला, लग्नाच्या घाईत पाइप नीट आवळले नाहीत, पोरीचे वर्ष जायची वेळ आली होती, वगैरे. खाली पाणी टपकताना आम्ही डोळ्यांनी पाहिले होते ना! ते पाणी रेडिएटरमधून नव्हे तर उकळून रिझर्व बाटलीच्या तोंडातून आले होते, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. बोलणे विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांच्या कानावर गेले. विद्यार्थिनीचा प्रश्न असल्याने त्यांनी लगेच निर्णय घेतला आणि मंगळवारी शाळेच्या व्हॅनचे काम उस्तादांकडून काढून घेतले. त्यांच्याकडे आलेली माहिती आमची होती, तेव्हा त्यात त्यांची चूक नाही.

बुधवारी मधल्या सुट्टीत उस्ताद स्वतः शाळेत आले. आवाज चढवला नाही. दोनच प्रश्न विचारले. "सर, कितना पानी लिया था? और हीटर गरम हवा दे रहा था?"

गणिताचे सर उठले, कपाटामागचा डबा काढून टेबलावर ठेवला. पावणेदोन लिटरची खूण सगळ्यांना दिसत होती. खोलीत कोणी काही बोलले नाही. उस्ताद एवढेच म्हणाले, "रविवार को गाडी ले आना। ठंडी लाना, धक्का मारके।"

तो रविवारचा तास आम्ही जन्मात विसरणार नाही. गाडी रात्रभर थंड झालेली. त्यांनी आधी डिपस्टिक काढून ऑइल पाहिले. हेड गॅसकेट उडाले असते तर पाणी ऑइलमध्ये जाऊन ते दुधाच्या चहासारखे दिसले असते. ऑइल काळेच होते. मग त्यांनी पुढची दोन्ही चाके उतरत्या फळ्यांवर चढवली, म्हणजे रेडिएटरचे तोंड सगळ्यांत उंच झाले. हवा नेहमी उंचवट्याकडे जाते, तिला बाहेरची वाट तिथेच द्यायची. आपल्या इंदूरला 1978 पासून नर्मदेचे पाणी येते, जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर पाइपांतून चढून. असल्या लांब जलवाहिन्यांवरही उंचवट्याच्या जागी हवा सोडणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात, नाहीतर अडकलेली हवाच पाण्याची वाट अडवते. आमच्या मारुतीत तेच झाले होते, फक्त हातभर पाइपात.

हीटरची कळ पूर्ण गरमवर केली, म्हणजे त्याची वाट उघडी राहील. झाकण उघडे ठेवून नरसाळ्याने अगदी बारीक धारेने ओतायला सुरुवात केली. दर थोड्या वेळाने उस्ताद वरचा जाड होज पाइप मुठीत दाबत आणि सोडत, गाय दोहल्यासारखे. दर वेळी गुडगुड आवाज होऊन बुडबुडे वर येत आणि पाणी बोटभर खाली जाई. असे करता करता अर्धा लिटरहून जास्त गेले. आम्ही शनिवारी जिथे "भरले" म्हणून थांबलो होतो, तिथून पुढचे हे.

मग झाकण उघडेच ठेवून इंजिन सुरू केले. पहिली दहा-बारा मिनिटे काहीच नाही. याचे कारण थर्मोस्टॅट. इंजिनच्या तोंडाशी बसवलेले हे छोटे दार असते, त्यात मेणाची गोळी असते. पाणी 82 अंशांच्या आसपास तापले की मेण वितळून फुगते आणि दार उघडते. थंड इंजिनात ते बंदच असते, त्यामुळे वरून कितीही ओता, त्याच्या मागची हवा मागेच राहते. काही थर्मोस्टॅटना हवा निसटायला बारीकसे भोक आणि त्यात डुगडुगणारी पिन असते, पण सव्वा लिटर हवा त्यातून घाईघाईत कुठून निघणार? म्हणून इंजिन तापवूनच हवा काढावी लागते, आणि म्हणूनच तासभर लागतो. शनिवारी उस्तादांनी मागितला होता तो तास हाच.

एकाएकी वरचा पाइप हाताला गरम लागला, रेडिएटरने मोठी ढेकर दिली आणि पाणी भसकन खाली गेले. उस्तादांनी लगेच ओतले. मग बुडबुडे सुरू झाले, मोठे, लहान, पुन्हा मोठे. आता ते नरसाळ्यात टक लावून पाहत उभे राहिले, आणि आम्हीही. बुडबुडे काही वेळाने थांबले तर ती अडकलेली हवा होती. थांबलेच नाहीत, एकसारखे येत राहिले, तर हेड गॅसकेट गेले आणि सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. तापलेले ॲल्युमिनियमचे हेड वाकले असेल तर खर्च गाडीच्या किमतीइतका. सहा-सात मिनिटे झाली. मराठीच्या बाई मनात काहीतरी पुटपुटत होत्या. बुडबुडे विरळ झाले, शेवटचे दोन-चार मोहरीएवढे आले, आणि पाणी आरशासारखे स्थिर झाले.

उस्तादांनी बाईंना आत बसून हीटर लावायला सांगितले. "गरम!" बाई आतून ओरडल्या. पंखा आपोआप सुरू होऊन बंद झाला, तसे दोनदा होऊ दिले, मग इंजिन बंद केले. तोंडाशी काठोकाठ भरून झाकण लावले, रिझर्व बाटली वरच्या आणि खालच्या खुणेच्या मधोमध केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीत बाटलीची पातळी थोडी उतरलेली दिसेल, तेवढी भरा, असे सांगितले. इंजिन गार होताना झाकणातला दुसरा छोटा व्हॉल्व्ह बाटलीतले पाणी आत ओढून घेतो, त्यामुळे तसे होते आणि तसेच झाले. डब्यात शेवटी पाव लिटर उरले. साडेतीन गाडीत, पाव लिटर महूनाक्याच्या रस्त्यावर, पाव लिटर डब्यात. गणिताच्या सरांनी हा हिशेब फळ्यावर मांडावा असा बाईंचा आग्रह आहे, सर टाळत आहेत.

मजुरी विचारली तर उस्ताद म्हणाले की शनिवारच्या कामातलेच आहे हे, तेव्हाच द्यायचे होते.

निकाल लागला. ती विद्यार्थिनी उत्तीर्ण झाली, प्लास्टरही निघाले, आता ती आपल्याच शाळेत अकरावीत आहे. गणितात तिला चाचणी परीक्षेपेक्षा सात गुण कमी मिळाले. त्यातले किती आमच्या खात्यावर मांडायचे हे कोणालाच सांगता येणार नाही. ती स्वतः "काही नाही हो सर" म्हणते, तिची आई काही म्हणत नाही.

आम्ही तिघांनी विश्वस्त मंडळाला लेखी कळवले की सोमवारचा प्रकार पूर्णपणे आमच्या अज्ञानामुळे झाला, रेडिएटर चांगला होता आणि बसवलाही चांगला होता. मंडळाने व्हॅनचे काम पुन्हा उस्तादांना देऊ केले आहे. ते सुरुवातीला नको म्हणाले. मधल्या काळात त्यांची इतरही दोन गिऱ्हाइके या बोलण्यामुळे तुटली होती, हे आम्हाला तेव्हा कळले. त्या दोघांच्या घरी आम्ही जाऊन आलो. गेल्या आठवड्यात उस्तादांनी होकार कळवला, पण एक अट घालून. व्हॅनच्या रेडिएटरचे झाकण शिक्षकांपैकी कोणीही उघडायचे नाही. मंडळाने ही अट इतिवृत्तात नोंदवून घेतली आहे, आणि त्याखाली आम्हा तिघांच्या सह्या आहेत.